सर्व्हरची आगोट

आज सकाळी रुग्णालयाच्या गच्चीवर वाळत घातलेली आमसुलं कोणीतरी घाईघाईने आत नेली, तेव्हाच मी कपाटातून यंदाची यादी पुन्हा बाहेर काढली. रुग्णालयाच्या गच्चीवर आमसुलं कोणाची, हे आमच्याकडे कोणी विचारत नाही. मे महिन्यात रत्नागिरीतली मोकळी गच्ची म्हणजे कोणाच्या तरी आमसुलांची, आंब्याच्या साठांची नाहीतर कुळथाची जागा. ती सगळी एकदम आत गेली की समजायचं, समुद्राच्या बाजूने मळभ आलं. पाऊस अजून आठ-दहा दिवस लांब आहे. पण दुपारनंतर हवा दाटते, पाखरं गप्प होतात, फणसाचा वास जड होऊन खाली उतरतो आणि साडेतीन-चारच्या सुमाराला दूर कुठेतरी कोणी पिंप गडगडत नेल्यासारखा आवाज येतो.

पावसाआधीच्या कामांना आम्ही आगोटीची कामं म्हणतो. कौलं चाळायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, सुकी मासळी डब्यात भरायची, पन्हळी साफ करायच्या. माझ्या फ्लॅटला कौलं नाहीत आणि लाकडंही लागत नाहीत. पण माझ्याकडे एक सर्व्हर आहे आणि त्याची आगोट मी नेमाने करते. यादीत सतरा कलमं आहेत. यूपीएसच्या बॅटऱ्या तपासणे. पंख्यातली धूळ काढणे. केबलच्या टोकांवर खाऱ्या हवेने चढलेला हिरवा गंज पुसणे. सगळ्या तारा जिथे जोडतात त्या स्विचच्या मागे पालीने अंडी घातली आहेत का ते पाहणे. हसू नका. एका वर्षी दोन दिवस अख्खी ओपीडी बंद पडली होती, ती एका पालीमुळे.

आमचं रुग्णालय धर्मादाय आहे, शहराच्या बाहेर सड्यावर. सडा म्हणजे उघडा जांभ्याचा कातळ, वर दोन-चार करवंदीच्या जाळ्या, बाकी ऊन आणि वारा. सर्व्हर पूर्वीच्या चादरींच्या खोलीत ठेवला आहे. तांदळाचे दोन डबे एकावर एक ठेवले तर जेवढी जागा लागेल तेवढीच तो घेतो. रुग्णांचे केसपेपर, रक्ताचे अहवाल, एक्स-रेची चित्रं, सगळं त्याच्या पोटात. तो लिनक्सवर चालतो. लिनक्स म्हटलं की लोक बिचकतात, पण त्यात बिचकण्यासारखं काही नाही. काळी पाटी, पांढरी अक्षरं. आपण एक ओळ लिहायची, ते एक उत्तर देतं. विचारलं तेवढंच सांगतं, चुकलात तर चुकलात म्हणतं. मला अशी माणसंही आवडतात.

रोज सकाळी पावणेनऊला मी त्याच्यासमोर बसते आणि ठरलेले प्रश्न विचारते. डिस्क किती भरली? कालची प्रत काढून झाली का? बाहेरून कोणी दार ठोठावून गेलं का? ठोठावतात. जगाच्या कुठल्या कोपऱ्यातून कोण जाणे, दिवसाला शेकडो वेळा चुकीचा पासवर्ड टाकून बघतात. सड्यावरच्या आमच्या खोलीत कोणाला काय मिळणार आहे, देव जाणे. मग मी सगळ्या यंत्रांना हाका मारते. त्याला पिंग म्हणतात. या यंत्राने हाक मारायची, त्या यंत्राने ओ द्यायची, बस इतकंच. ओ किती वेळात आली तेही कळतं. ओपीडी, ओ. प्रयोगशाळा, ओ. औषधांची खिडकी, ओ. एक्स-रे, ओ. चारही ओ आल्या की माझा चहा.

नोंदी करण्याची सवय मला चिपळूणजवळच्या अलोऱ्याने लावली. वडील तिथल्या वीजघरात होते आणि आमचं बालपण कॉलनीत गेलं. दर तासाला आकडे वहीत उतरवणं हे त्यांचं काम. घरीही ते तसेच होते. दूध उतू गेलं तरी किती वाजता गेलं ते विचारायचे. आई म्हणायची, "वेळ लिहून ठेवल्याने दूध भांड्यात परत येणार आहे का?" वडील शांतपणे म्हणायचे, "उद्या नाही जाणार." मी वडिलांच्या बाजूची. आईचं म्हणणंही अगदीच चुकीचं नव्हतं, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

दोन वर्षांपूर्वीची आगोट मी विसरणार नाही.

त्या वर्षी वीस मेच्या आसपास एक्स-रे विभागाने ओ देणं थांबवलं. कायमचं नाही, फक्त दुपारी. एक्स-रे विभाग अंगणापलीकडच्या इमारतीत, मोजून ऐंशी पावलांवर. तिथे काढलेलं चित्र तारेतून सर्व्हरवर येतं आणि इकडे हाडांच्या डॉक्टर ते पडद्यावर बघतात. चार-सव्वाचारला तार मुकी व्हायची आणि पाच-सव्वापाचला आपोआप बोलायला लागायची. मधला तासभर चित्र पलीकडे, डॉक्टर अलीकडे. आमचे बरेच रुग्ण घाटाखालच्या गावांतून येतात आणि त्यांची शेवटची एसटी सव्वापाचला सुटते. तासभर म्हणजे त्यांच्यासाठी अख्खा दिवस. मनगट मोडलेली एक आजी सलग दोनदा तशीच परत गेली. तिसऱ्या वेळी आली ती उपम्याचा डबा आणि चादर घेऊनच. म्हणाली, "आज मी र्‍हायाच्याच तयारीनं आलंय."

डॉक्टर बोलायला फटकळ. मला बोलावून म्हणाल्या, "मॅडम, तुमचा सर्व्हर दुपारी वामकुक्षी घेतो का? मलाही सांगा, मीही घेईन."

मी कामाला लागले. बिघाड शोधायची माझी एक पद्धत आहे. खालून वर जायचं. आधी तार, मग तिच्या टोकाचा दिवा, मग यंत्राचा पत्ता, मग नाव. अर्ध्याहून जास्त बिघाड तारेतच सापडतात, आणि ही तार माझ्या मनात आधीपासूनच होती. ती दिगूभाऊंनी टाकली होती. दिगूभाऊ आमच्या भागातले केबलवाले. तारांचं काम वर्षभर, पण मे महिन्यात माणूस हाती लागत नाही, कारण त्यांची स्वतःची हापूसची कलमं आहेत आणि आंबे उतरायचे असतात. फोन केला तेव्हा ते झाडावरच होते.

"मॅडम, माझी तार नाय तुटायची," वरूनच म्हणाले. "तुमचं ते लिनक्स बघा आधी."

"लिनक्स ठीक आहे, दिगूभाऊ. तुमचीच तार दुपारी मरते आणि संध्याकाळी जिवंत होते."

"मंग ती तार नसंल, दुसरं काय तरी असंल. बाहेरच्या माणसाला बोलवा."

तरी ते आले. घोंगडीसारख्या उन्हात अंगणातल्या चिऱ्यांच्या फरशा उचलल्या, तार पाहिली, दोन्ही टोकं नवी लावली, मीटर लावून दाखवला. तार धडधाकट होती. दुसऱ्या दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी ती परत मेली. मी देखभालीच्या नोंदवहीत लिहिलं: तार सदोष, काम निकृष्ट दर्जाचे. खाली सही केली. काम पूर्ण झाल्याचं एक खोटं समाधान असतं, ते मला त्या सहीने दिलं.

खरं तर उत्तर माझ्यासमोरच होतं. सर्व्हर प्रत्येक घटनेची नोंद ठेवतो, मिनिट-सेकंदासकट. त्या नोंदींत एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. खराब तार मरण्याआधी अडखळते. चार हाकांमधली एक हरवते, ओ उशिरा येते, मग दोन हरवतात. ही तार अडखळत नव्हती. चार वाजून नऊ मिनिटं सहा सेकंदांपर्यंत ठणठणीत, सातव्या सेकंदाला शून्य. तार अशी मरत नाही. असं फक्त बंद केलं जातं. मी ते आकडे दहा वेळा वाचले. पण माझं मत आधीच वहीत उतरलं होतं, सहीसकट, आणि सही केलेल्या मताला माणूस सहसा हात लावत नाही.

तोवर प्रकरण कार्यकारी मंडळापर्यंत गेलं. मंडळाचे अध्यक्ष अण्णा. आयुष्यभर बोटींवर इंजिनाच्या खोलीत काम करून आलेले, आवाज अजून इंजिनावरून बोलल्यासारखाच. मला म्हणाले, "मे अखेरच्या सभेत लेखी कारण द्या. ज्याच्या हलगर्जीने हे होतंय, त्याचं नाव पाहिजे. त्याच सभेत कंत्राटी लोकांची मुदतवाढ आहे. कामाचा नसेल त्याला थांबवू."

मी यादी केली. रोजच्या बंद पडण्याच्या वेळा एका बाजूला; दुसऱ्या बाजूला त्या वेळी जनरेटर चालू होता का, गर्दी किती, उकाडा किती, कोणतं यंत्र चालू. काहीच जुळेना. दोन दिवस तार अजिबात बंद पडली नव्हती, तेही जुळेना.

जुळलं ते रविवारी, घरी; रुग्णालय रविवारीही चालू असतं. दुपारचे चार वाजायला आले होते. सासूबाई गॅलरीत साठांच्या ताटल्या राखत बसल्या होत्या. समुद्रावर गडगडलं. त्यांनी एका हाताने ताटल्या आत सरकवल्या आणि मला हाक दिली, "अगो, टीव्हीचा प्लग काढलास काय? काढ आधी!" मी प्लगला हात घातला आणि त्याच क्षणी टेबलावरचा फोन वाजला. सर्व्हरचा निरोप होता: एक्स-रे विभाग ओ देत नाही.

मी तो प्लग हातात धरून तशीच उभी राहिले. सासूबाई म्हणाल्या, "शॉक बसला काय गो?"

बसलाच होता. कोकणातलं प्रत्येक घर गडगडलं की प्लग काढतं. टीव्ही, फ्रीज, फोनचं चार्जर, सगळं. लहानपणी कॉलनीत आम्हीही काढायचो. वीजघरातल्या माणसाच्या घरी तर जास्तच. मग आमच्या रुग्णालयातलं कोणीतरी का काढणार नाही?

सोमवारी साडेतीनला मी एक्स-रे विभागात जाऊन रुग्णांच्या बाकावर बसले. तिथे शेवंतीमावशी असतात. कंत्राटी सफाई कामगार, पंचावन्न-छप्पन्नच्या, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, फरशी अशी पुसतात की पाय ठेवायला संकोच वाटावा. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "अजून दोन वर्सं. मंग माझी पोर सिस्टर व्हयल, नि मी तिच्या हाताखाली फरशी पुसीन."

चार वाजता काचेतून येणारा उजेड पिवळा झाला. गडगडलं. मावशींनी फडका बादलीत टाकला, हात पदराला कोरडे पुसले, भिंतीवर बसवलेल्या नेटवर्कच्या डबीपाशी गेल्या आणि तिचा प्लग काढला. वायरची नीट दोन वेटोळी केली, खिळ्याला अडकवली. मग शेजारी लावलेल्या एका पिवळट कागदावर बोट ठेवलं, ओठांतल्या ओठांत पुढची ओळ वाचली आणि खिडक्यांच्या कड्या लावायला गेल्या.

मी उठून कागद पाहिला. प्लास्टिकमध्ये बंद केलेला, वर शीर्षक: आगोटीच्या सूचना. सहा कलमं. तिसरं: गडगडाट सुरू झाल्यास भिंतीवरील डबीचा प्लग काढणे, आभाळ निवळल्यावर लावणे. चौथं खिडक्यांच्या कड्यांचं. अक्षर माझं. सही माझी.

आठ वर्षांपूर्वीची ती यादी. तेव्हा या इमारतीत फक्त भांडार होतं आणि त्या डबीला एकच जुना संगणक जोडलेला होता. पुढे भांडार गेलं, एक्स-रे आला, डबी तीच राहिली, आणि यादीकडे मी परत फिरकले नाही.

"मावशी, हा प्लग रोज तुम्ही काढता?"

"रोज नाय. गडगडला की. न गडगडता कशाला काढीन, मना काय येड लागलाय?"

"अहो, पण त्यामुळे एक्स-रे तिकडे जात नाहीत. सगळे आठ दिवस शोधतायत."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. "ता कागदावर नाय लिवलेला," त्या म्हणाल्या. "प्लग काढा म्हणून लिवलाव. काढला. कशाला काढायचा, ता कुठं लिवलाव? ता लिवलं असतं तर मीच येऊन सांगितलं असतं, बाय, आता हितं दुसरं यंत्र आलंय."

मी घाईने म्हटलं, "ह्यापुढे काढू नका."

"कागदावर लिवून द्या."

मी तिथेच लिहून दिलं: गडगडाट झाला तरी प्लग काढू नये. सही. मावशींनी तो जुन्या कागदाच्या वर चिकटवला आणि अंगठ्याने चारी कडा दाबल्या.

सभा शुक्रवारी होती. बुधवारी सड्यावर वीज पडली. आमच्या इमारतीवर नाही, पलीकडच्या उघड्या कातळावर, पण उजेड आणि आवाज एकदमच झाले आणि मग तो वास आला, जळलेल्या प्लास्टिकचा, जिभेवर चव येईल असा. अंगणाखालच्या तांब्याच्या तारेने तो धक्का दोन्हीकडे पोचवला. पलीकडची डबी काळी पडली. अलीकडचा स्विचही गेला. सर्व्हर वाचला, कारण त्याच्या आणि त्या स्विचच्या मध्ये मी एक संरक्षणाची पेटी बसवली होती, आणि तेवढं एक कलम तरी मी बरोबर लिहिलं होतं.

धावत गेले तर मावशी हात मागे बांधून डबीसमोर उभ्या. "कागद पाळला हां मी," एवढंच म्हणाल्या. टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

त्या दुपारी रुग्ण होते. आधीचे आठ दिवस तार आत्ता येईल म्हणून सगळे थांबायचे; आज ती येणारच नव्हती. एक्स-रे काढणारे पेनड्राइव्हवर चित्र घालून देत आणि मावशी तो दुधाच्या पिशवीत गुंडाळून अंगण ओलांडत, गडगडाटात, डोक्यावर इरलं घेतल्यासारखा पदर धरून. ऐंशी पावलं तिकडे, ऐंशी इकडे. सहा रुग्णांचे सहा फेरे. पाचच्या आत डॉक्टरांनी सगळे पाहिले. डॉक्टर म्हणाल्या, "मॅडम, हा सर्व्हर बरा आहे तुमचा. नऊवारीतला."

गुरुवारी मी अहवाल लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात एक ओळ होती: विभागातील कर्मचाऱ्याने वेळोवेळी डबीचा प्लग काढल्याने संपर्क तुटत होता. शंभर टक्के खरी ओळ. अण्णांना नाव हवं होतं, आणि ते नाव त्या ओळीत होतंच, फक्त विचारायची खोटी. मुदतवाढीच्या यादीत शेवंतीमावशींचं नाव चौथं होतं. शिक्षणाची दोन वर्षं उरलेली त्यांची मुलगी चिपळूणच्या वसतिगृहात होती. दुसरा मसुदाही केला: संपर्क विजेमुळे तुटला. तोही अर्धा खरा. त्याने कोणाचंच काही बिघडलं नसतं, माझं तर नाहीच. आणि वहीत दिगूभाऊंच्या नावावर 'निकृष्ट' तसंच राहिलं असतं.

खिडकीबाहेर आमसुलांचा वास येत होता. आंबट, मिठाचा. मी दोन्ही मसुदे बाजूला ठेवले आणि बिघाड शोधते तशीच पुन्हा खालून वर गेले. प्लग का काढला? कागदावर होतं म्हणून. कागदावर का होतं? मी लिहिलं म्हणून. बदललं का नाही? मी परत पाहिलं नाही म्हणून. आणि प्लग न काढल्यावर जळलं का? दोन इमारतींमध्ये तांब्याची तार होती म्हणून. सड्यावर मे महिन्यात जांभा ठणठणीत कोरडा असतो. जमिनीत उतरवलेली अर्थिंगची पट्टी अशा दगडात नीट काम करत नाही, खड्ड्यात पाणी घालून तो ओला ठेवावा लागतो. वीज जमिनीत मुरली नाही की वाट शोधते, आणि वाट आम्हीच अंगणाखालून घालून दिली होती. म्हणजे आठ दिवस मावशींनी प्लग काढला म्हणून आठ दिवस यंत्रं वाचली होती. हे कळलं तेव्हा मी खुर्चीत मागे टेकले.

सभेत मी उभी राहून वाचलं. वाचायला पाच मिनिटं लागली. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मुद्द्याचं बोला. नाव कोणाचं?"

"माझं," मी म्हटलं. "लिहून घ्या."

"प्लग कोणी काढलान, ते विचारतोय मी."

"शेवंतीमावशींनी. माझ्या सहीच्या कागदाप्रमाणे. आणि काढायचा थांबवला तोही माझ्याच सहीच्या कागदाप्रमाणे, त्यानंतर दोन दिवसांत यंत्रं जळली."

"बोलवा त्यांना," अण्णा म्हणाले.

मावशी आल्या. दारातच उभ्या राहिल्या, फरशी नुकतीच पुसली होती म्हणून.

"प्लग तुम्ही काढलात?"

"मीच. कागद नसता तरी काढला असता." त्या थांबल्या नाहीत. "माझ्या आवशीच्या दारात म्हस बांधलेली, तारेच्या कुंपणाला. वीज लांब पडली नि म्हस हितं मेली. तार असली की वीज येते, येवढं मना ठाऊक हाय. बाकी तुमचं यंत्र मना नाय कळत. कामावरनं काढायचा तर काढा."

मग अण्णा हसले, इंजिनावरून हसल्यासारखे. "बोटीवर आम्हाला हे शिकवायला तीन वर्षं लागायची," ते म्हणाले. माझ्याकडे वळले. "तार नसेल असं काही करता येतं?"

येतं. काचेचा धागा. त्यातून उजेड जातो, वीज जात नाही. हे मी आदल्या दिवशीच वेगळ्या कागदावर लिहून अहवालाला जोडून ठेवलं होतं.

मंजूर झालं. मुदतवाढीच्या यादीतलं चौथं नाव तिथेच राहिलं. मी बाहेर आले आणि पहिली गोष्ट केली ती नोंदवही उघडून 'तार सदोष' वर एक सरळ रेघ मारली, शेजारी तारीख घातली, सही केली आणि तिचा फोटो दिगूभाऊंना पाठवला. त्यांचा फोन आला. "मॅडम, आता काचेची तार टाकायची म्हणताय? फुटली तर परत माझ्याच नावावर लिवशाल!" जूनच्या पहिल्या आठवड्यात, फरशा पुन्हा उचलून, त्यांनी तो धागा टाकला. केसापेक्षा जाड नाही. टोकाशी डोळा नेऊ नका, असं मी दहा वेळा सांगितलं आणि प्रत्येक वेळी का तेही सांगितलं: आतला न दिसणारा उजेड डोळ्याला इजा करतो.

तेव्हापासून माझ्या याद्या लांबल्या आहेत. प्रत्येक कलमापुढे दोन रकाने वाढले: कशासाठी आणि कधीपर्यंत. कशासाठी लिहिता येईना, अशी पाच कलमं त्या वर्षी मी काढून टाकली. कशासाठी होती ते मलाही आठवत नव्हतं. नव्याने एक आलं: मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्यात रोज दोन बादल्या पाणी. कशासाठी, तेही मावशींना सांगितलं. त्या रोज सकाळी खड्ड्यात पाणी ओततात आणि ओतताना खड्ड्याला दटावतात, "पी मेल्या, पी."

ही सगळी जुनी गोष्ट. मी आज लिहायला बसले ती गेल्या आठवड्यातल्या एका गोष्टीमुळे.

यंदाच्या मुदतवाढीचे करार कार्यालयात सही करायला ठेवले होते. मीही तिथे बाकावर बसले होते, यूपीएसच्या बॅटऱ्यांची मागणी घेऊन. दुपारचं मळभ होतं, पंखा नुसताच फिरत होता. दरवर्षी लोक येतात, कारकून बोट ठेवतात तिथे सही करतात आणि जातात. मावशी आल्या. टेबलासमोरच्या त्याच बाकावर टेकल्या. त्यांची मुलगी यंदा शेवटच्या वर्षाला आहे, आणि या कागदावर सही झाली की ते वर्ष पार पडणार आहे. बोट ठेवलेल्या जागी त्यांनी पेन टेकवलं आणि परत उचललं. कागद वर सरकवला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या, ओठांतल्या ओठांत, बोट फिरवत.

"मावशी, दरवर्षीचंच आहे ते," कारकून म्हणाले.

"आसूं दे." बोट सातव्या कलमावर थांबलं. त्यात लिहिलं होतं की कंत्राटी कर्मचाऱ्याने दुपारच्या वेळेत मुख्य इमारतीत प्रवेश करू नये. "ह्या कशासाठी?"

कारकुनांनी कागद आपल्याकडे वळवून घेतला. वाचला. परत वाचला. "पूर्वीपासून आहे."

"ता मना दिसतंय. कशासाठी, ता विचारतंय. दुपारी एक्स-रेची पिशवी घेऊन मीच आलेली, मुख्य इमारतीत. सहा येळा. मंग माझं चुकलं काय?"

"तसं नाही हो. सही करा, नंतर बघू."

"नंतर कोण बघतो?" मावशी म्हणाल्या आणि पेन टेबलावर ठेवलं. हळूच ठेवलं, पण ठेवलं. या एका सहीवर त्यांचं काय काय आहे, ते मला ठाऊक होतं आणि त्यांनाही.

कारकुनांनी माझ्याकडे पाहिलं. "मलाही ठाऊक नाही," मी म्हटलं. "आत विचारा."

ते कागद घेऊन आत अण्णांच्या खोलीत गेले. दार लोटलेलं होतं, तरी आतलं ऐकू येत होतं. "काय म्हणता, सातवं? बघू. हे कोणी घातलंन? ... मला काय माहीत? ... अहो, मग खोडा ना! आणि बाकीच्यांच्या करारातही खोडा."

बाहेर गडगडलं. मावशींनी सवयीने भिंतीवरच्या पंख्याच्या प्लगकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी राहू दे अशी मान हलवली. त्या उठल्या नाहीत. बाकावर माझ्या शेजारी सरकून बसल्या आणि नवा कागद छापून येईपर्यंत आम्ही दोघी वाट पाहत राहिलो.